तेर्स मोबाइलवर लावू नका, घरात म्हणा

ऑक्टोबर हा आम्हा कॅथलिकांचा रोझरीचा महिना. खानापूर तालुक्यातल्या जांबोटीच्या बाजूला याच दिवसांत पाऊस एकदाचा मागे हटतो, भाताच्या लोंब्या पिवळ्या पडू लागतात, शेजारी घट बसलेले असतात नाहीतर दसऱ्याची तयारी चाललेली असते, आणि संध्याकाळी सातच्या सुमाराला ख्रिस्ती घरांतून तेर्साचे, म्हणजे घरी म्हणायच्या रोझरीचे, सूर निघतात. गेली काही वर्षं मात्र या वेळेला आमच्या गल्लीतून गेलं की तीन-चार घरांतून एकाच बाईचा आवाज ऐकू येतो. तोच स्वर, तीच गती, मध्येच तीच जाहिरात. अल्तारासमोर, म्हणजे घरातल्या वेदीसमोर, मोबाइल उभा करून ठेवलेला असतो आणि त्यावर यूट्यूबची रोझरी चालू असते. घरात एकजण चपात्या लाटत असते, एकजण अभ्यासाच्या वहीत डोकं घालून बसलेला असतो, एकजण नुसताच बसलेला असतो. विचारलं तर उत्तर येतं, ‘चालू आहे की तेर्स.’

मला हे पटत नाही. जन्मभर खेड्यापाड्यांतल्या मराठी शाळांत शिकवलं, तेव्हा एखादी गोष्ट का पटत नाही ते नीट सांगायची सवय आहे. आणि या भागात आमची घरं थोडी, शेजार मोठा. शेजाऱ्यांनाही आमच्या घरात रोज संध्याकाळी काय चालतं ते कळावं, म्हणून सुरुवातीपासून सांगते.

रोझरीच्या माळेत एक क्रूस आणि 59 मणी असतात. त्यांतले 53 मणी ‘नमो मरिये’चे आणि 6 प्रभूनं शिकवलेल्या ‘आमच्या बापा’ या प्रार्थनेचे. दहा-दहा मण्यांच्या पाच दहाया. प्रत्येक दहाईच्या आधी ख्रिस्ताच्या आणि त्याच्या आईच्या आयुष्यातला एक प्रसंग सांगायचा. त्याला आम्ही रहस्य म्हणतो. मग ओठांनी प्रार्थना आणि मनानं तो प्रसंग, असं दोन्ही एकदम चालवायचं. सोमवारी आणि शनिवारी आनंदाची रहस्यं, मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची, बुधवारी आणि रविवारी गौरवाची. गुरुवारची प्रकाशाची रहस्यं पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 मध्ये घातली. त्याआधी शतकानुशतकं रहस्यं 15 आणि ‘नमो मरिये’ 150 असा पूर्ण हिशेब होता. रोज संध्याकाळी त्याचा एक तृतीयांश भाग म्हणायचा, म्हणून पोर्तुगीजांच्या मागोमाग गोव्यात आणि गोव्यावरून आमच्याकडे त्याला तेर्स हे नाव पडलं. सगळं मिळून वीस मिनिटांचं काम.

आता मुद्द्याची गोष्ट. ‘नमो मरिये’ ही प्रार्थना मधोमध दोन भागांत विभागलेली आहे. पहिला भाग देवदूताच्या आणि एलिझाबेथच्या अभिवादनाचा, लूकच्या शुभवर्तमानातून आलेला. दुसरा भाग आपल्या विनवणीचा. आज आपण म्हणतो त्या रूपात तो 1568 च्या रोमन प्रार्थनाग्रंथात पक्का झाला. घरात तेर्स म्हणताना एकजण पहिला भाग म्हणतो आणि बाकीचे सगळे दुसऱ्या भागानं त्याला उत्तर देतात. दहाई संपली की म्हणणारा बदलतो. म्हणजे ही प्रार्थना मुळातच दोघांनी मिळून करायची आहे. एकानं हाक द्यायची, दुसऱ्यांनी ओ द्यायची.

आमच्या घरात पहिली दहाई शमायची, म्हणजे आजीची. दुसरी वडिलांची, तिसरी आईची, उरलेल्या दोन आम्हा मुलांत वाटलेल्या. लहान भावाची पाळी आली की त्याच्या बोटांतून मणी निसटायचा आणि दहाई कधी नवाची व्हायची, कधी अकराची. शमाय त्याला कधी थांबवत नसे. दहावी झाली की ती आपलं ‘आमेन’ जरा लांबवायची, तेवढ्यावरून त्याला समजायचं. या ‘आमेन’च्या जोरावर आम्ही सगळी भावंडं दहापर्यंत न चुकता मोजायला शिकलो, शाळेत जायच्या आधी. तेर्स संपला की धाकट्यांनी हात जोडून प्रत्येक मोठ्या माणसापुढे जायचं आणि ‘बेसांव दी’ म्हणून आशीर्वाद मागायचा. ‘देव बरें करूं’ असं उत्तर मिळायचं. दुपारी ज्या काकाचा मार खाल्लेला असेल त्याच्यासमोरही जावंच लागायचं, आणि त्यालाही आशीर्वाद द्यावाच लागायचा. अबोला रात्रीपर्यंत टिकायचा नाही.

पण शमायच्या तेर्सातला सगळ्यात मोलाचा भाग पुस्तकात छापलेला नव्हता. प्रत्येक दहाईच्या आधी ती नाव घ्यायची. ही दहाई बाळंतपणाला माहेरी आलेल्या अमुकच्या मुलीसाठी. ही ज्याचं उभं भात गव्यांनी तुडवलं त्याच्यासाठी. ही बोटीवर गेलेल्या पुतण्यासाठी, त्याचं पत्र आलेलं नाही. नाव ख्रिस्ती माणसाचंच असायचं असं नाही. शेजारच्या पाटलांच्या म्हाताऱ्याला दम्यानं धरलं की त्याचंही नाव यायचं आणि आम्ही सगळे त्याच्यासाठी दहा वेळा उत्तर द्यायचो. गावात कुणाचं काय चाललं आहे हे आम्हा मुलांना तेर्सातून कळायचं. मोबाइलमधल्या त्या बाईचा आवाज गोड आहे, उच्चार स्वच्छ आहेत, पण तिला आमच्या गल्लीतल्या एकाही माणसाचं नाव ठाऊक नाही. माझा पहिला आक्षेप हाच आहे, आणि शेवटचाही.

रोझरीचा इतिहास पाहिला तरी तो याच बाजूनं बोलतो. मठांतले साधू बायबलमधली 150 स्तोत्रं म्हणत. ज्यांना वाचता येत नव्हतं ते त्यांच्या बदली 150 वेळा ‘आमच्या बापा’ म्हणत आणि गाठींवर किंवा मण्यांवर मोजत. पुढे ‘नमो मरिये’ त्या जागी आली. संत डोमिनिक यांना खुद्द मारिया मातेनं रोझरी दिली ही परंपरा आपल्या घराघरांतल्या तसबिरींत आहे, आणि ती मलाही प्रिय आहे. पण अभ्यासक आणखी दोन नावं घेतात. पंधराव्या शतकात ट्रिअरच्या मठातल्या प्रशियाच्या डोमिनिक नावाच्या साधूनं ‘नमो मरिये’ला ख्रिस्ताच्या आयुष्यातल्या प्रसंगांची जोड दिली. ब्रिटनी प्रांतातल्या आलां द ला रोश या डोमिनिकन धर्मगुरूनं 1470 मध्ये दुए शहरात रोझरी म्हणणाऱ्यांचा संघ काढला. त्यानंतर 1475 मध्ये जर्मनीतल्या कोलोनला तसाच संघ निघाला. तिथे वर्गणी नव्हती. वहीत नाव लिहायचं आणि आठवड्यात ठरलेल्या रोझऱ्या म्हणायच्या, एवढीच अट. बायकांना प्रवेश होता, गरिबांना होता. मेलेल्या नातेवाइकाचंही नाव घालता येई, त्याच्या वतीनं घरच्यांनी म्हणायचं. ज्या काळात बहुतेक सगळ्या गोष्टींना पैसा आणि कुळ लागत असे, त्या काळात हे झालं. आमच्या शमायला अक्षर ओळखता येत नव्हतं आणि तरी ती घराची प्रार्थना चालवत होती. तिचा अधिकार त्या वहीपासून चालत आलेला आहे असं मला वाटतं.

दर ऑक्टोबरला प्रवचनात 7 ऑक्टोबर 1571 ची लेपांतोची आरमारी लढाई सांगितली जाते. त्या दिवशी ख्रिस्ती राजांच्या जहाजांनी तुर्कांचा पराभव केला, पोप पायस पाचवे यांनी विजयाचं श्रेय रोझरीला दिलं आणि त्यातून रोझरी मातेचा सण आला. इतिहास खराच आहे. पण आमच्या मुलांना रोझरी समजावून सांगायला मी लढाई निवडणार नाही. माझ्यापाशी याहून जवळची गोष्ट आहे.

गोव्यात रोझरी मातेचं देऊळ सोळाव्या शतकाच्या मध्याला, 1544 ते 1549 च्या दरम्यान, जुन्या गोव्याच्या टेकडीवर उभं राहिलं. ते अजून तिथे आहे. त्याच गोव्यातला जोसेफ वाझ हा धर्मगुरू 1687 मध्ये सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला गेला. तिथे डच लोकांची सत्ता होती आणि कॅथलिक धर्मगुरूंना बंदी होती. 1658 मध्ये जाफना डचांच्या हाती गेलं, तेव्हापासून तिथल्या कॅथलिकांनी उघडपणे मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, पाहिलेली नव्हती. वाझ हमालाच्या वेषात उतरले, गळ्यात रोझरी घातली आणि दारोदार भीक मागत फिरू लागले. कुणाची नजर त्या माळेवर अडखळते, कुणाच्या डोळ्यांत ओळख दिसते, एवढंच ते पाहत. त्यावरून त्यांना आपली माणसं सापडली. धर्मगुरू नाही, देऊळ नाही, आणि तरी जवळजवळ तीस वर्षांनी त्या घरांत माळ ओळखणारी माणसं होती. 14 जानेवारी 2015 रोजी कोलंबोत पोप फ्रान्सिस यांनी जोसेफ वाझ यांना संत घोषित केलं. जपानात तर धर्मगुरूंविना घरात श्रद्धा जपणं दोनशे वर्षांहून अधिक काळ चाललं. 1865 मध्ये नागासाकीच्या नव्या चर्चमध्ये फ्रेंच धर्मगुरूसमोर काही गावकरी येऊन उभे राहिले आणि आम्हीही तुमच्याच श्रद्धेचे आहोत असं त्यांनी हळूच सांगितलं. त्या सगळ्या काळात त्यांना शिकवायला फक्त आईबाप होते.

आमची कुळं गोव्यातून घाट चढून आली, आणि या भागात देऊळ लांब आणि घर जवळ अशीच स्थिती बराच काळ होती. बेळगावचा धर्मप्रांत 19 सप्टेंबर 1953 रोजी स्थापन झाला. त्याआधी हा मुलूख काही गोव्याच्या आणि काही पुण्याच्या अधिकाराखाली होता. खानापूर तालुक्याच्या जंगलातल्या वाड्यांवर पाद्री पोचायचे ते पायी. पावसाळ्यात ओढे भरले की तेही बंद. जून ते सप्टेंबर इथे पाऊस कसा कोसळतो ते कणकुंबीच्या, चोर्ल्याच्या वाटेनं गेलेल्याला सांगायला नको. त्या महिन्यांत अनेक घरांना मिस्सा मिळायची नाही, पण तेर्स एक दिवसही चुकायचा नाही. मी याला साधी सवय म्हणणार नाही. आमच्या श्रद्धेचा कणा तो होता.

सायबीण, म्हणजे मारिया माता, घरोघर जाते ती रीतही यातलीच. फातिमा मातेची मूर्ती एका घरी रात्रभर राहते आणि दुसऱ्या संध्याकाळी मेणबत्त्या लावून पुढच्या घरी नेली जाते. पोर्तुगालच्या फातिमा गावात 1917 च्या मे ते ऑक्टोबर या महिन्यांत तीन गुराखी मुलांना मातेनं दर्शन दिलं आणि रोज रोझरी म्हणा असं सांगितलं. 1947 पासून तिची मूर्ती देशोदेशी फिरू लागली. बेळगावच्या कॅम्पातलं कॅथीड्रलही तिच्याच नावाचं आहे. सायबीण यायची त्या दिवशी आमचं घर सारवून लखलखीत व्हायचं, दाराला केळीचे खुंट, झेंडूच्या माळा. तेर्स आणि लादीन, म्हणजे मातेच्या नावांची प्रार्थना, झाली की उकडलेले चणे आणि खोबरं वाटायचे. शेजारच्या बायका अबोलीचे वळेसर घेऊन यायच्या, दाराशी चपला काढून आत येऊन मूर्तीला घालायच्या, ओटी भरल्यासारखा नारळ ठेवायच्या. त्यांना कुणी बोलावलेलं नसायचं आणि कुणी अडवायचंही नाही. घाट उतरून गेलं की म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला शिरगावच्या लईराईची बहीण मानतातच. आमच्या दारातही तेच नातं होतं, त्याला नाव दिलेलं नव्हतं एवढंच.

आता लोकांची अडचण काय आहे तीही मी ऐकून घेते. मुलं मडगावला हॉटेलात, पुण्याला कंपनीत, कुणी आखातात, कुणी जहाजावर. घरात दोन म्हातारी माणसं, त्यातलं एक आजारी. हाक द्यायची कुणी आणि ओ द्यायची कुणी? अंथरुणाला खिळलेल्या, एकट्या माणसानं मोबाइलवरच्या आवाजाची सोबत घेतली तर त्यात काही गैर नाही. ती बाई तिथे खरंच उपयोगी आहे. माझा रोख चार धडधाकट माणसं घरात असून यंत्राकडून प्रार्थना करून घेणाऱ्यांवर आहे.

यंत्राशी माझं वैर नाही. आमच्या ओळखीच्या एका विधवा बाईचा मुलगा गोव्यात नोकरीला आहे. रात्री त्याचा फोन येतो, ती स्पीकर सुरू करून अल्तारापाशी ठेवते. तो तिकडून पहिला भाग म्हणतो, ही इकडून उत्तर देते. मध्येच रेंज जाते, मग पुन्हा जुळते. हा शंभर टक्के तेर्स आहे, कारण दोन्ही टोकांना माणूस आहे. अमेरिकेतले फादर पॅट्रिक पेटन यांनी 1942 पासून कुटुंबाच्या रोझरीसाठी आयुष्य वेचलं. त्यांनी रेडिओ वापरला, सिनेमातले नट-नट्या वापरल्या, मोठमोठे मेळावे घेतले. पण त्या मेळाव्यांत ते लोकांकडून वचन घेत ते हे, की आम्ही आमच्या घरात रोज मिळून रोझरी म्हणू. रेडिओ त्यांना घराच्या दारापर्यंत न्यायला पुरेसा वाटला. आतलं काम घरच्यांचं.

दुसरी अडचण भाषेची, आणि ती सीमाभागात नाजूक आहे. आमची प्रार्थना कोंकणीत, बाजार मराठीत, कचेरी कन्नडमध्ये आणि नातवंडांची शाळा इंग्रजीत. नातवाला ‘हेल मेरी’ येतं, ‘नमान मारिये’ येत नाही, म्हणून तो गप्प बसतो आणि मोठी माणसं म्हणतात, नको, मोबाइलच लावा. मी म्हणते, त्याला इंग्रजीत म्हणू दे. पहिला भाग इंग्रजीत, उत्तर कोंकणीत. सून धारवाडकडची असेल तर तिची दहाई कन्नडमध्ये होऊ दे, मराठी घरातून आलेली असेल तर मराठीत. ऐकून ऐकून मुलाला दोन महिन्यांत उत्तर येतं, हा माझा शाळेतला अनुभव आहे. सगळ्यांना एकाच भाषेत गप्प बसवण्यापेक्षा चार भाषांत बोलू देणं बरं. बाहेर पाट्यांवरून काय चालायचं ते चालू दे, अल्ताराजवळ तो वाद आणू नये.

राहिला तोचतोचपणाचा आरोप. एकच गोष्ट पन्नास वेळा काय म्हणायची, असं शिकलेली मुलं विचारतात. हरिपाठ म्हणणाऱ्या माझ्या शेजाऱ्यांना हा प्रश्न पडत नाही, पण मुलांना उत्तर द्यायला हवं. पोप पॉल सहावे यांनी 1974 मध्ये स्पष्ट बजावलं होतं की चिंतन नसेल तर रोझरीत प्राण राहत नाही, ती नुसती पुटपुट होते. शब्द पाठ असतात ते एवढ्यासाठी, की मन मोकळं राहावं आणि प्रसंगाकडे जावं. आनंदाचं दुसरं रहस्य घ्या. गरोदर मारिया डोंगराळ मुलखातून चालत वयस्क एलिझाबेथकडे जाते, तीही गरोदर. आमच्या बायका हे रहस्य म्हणताना ज्या चढणींवरून बहिणीच्या, भावजयीच्या बाळंतपणाला गेल्या त्या चढणी त्यांच्या डोळ्यांपुढे येतात. माझी आई या दहाईला हमखास हळू व्हायची. रेकॉर्डवरचा आवाज कुणासाठी हळू होत नाही.

2025 च्या ऑक्टोबरात पोप लिओ चौदावे यांनी जगात शांतता नांदावी म्हणून महिनाभर रोज रोझरी म्हणा, एकट्यानं, कुटुंबात, समाजात, असं आवाहन केलं. पाच दहाया रोज जमत नाहीत असं ज्यांना वाटतं त्यांना मी लियोंच्या पोलीन जारिको यांची आठवण करून देते. 1826 मध्ये त्यांनी पंधरा-पंधरा माणसांचे गट केले आणि प्रत्येकाला रोज एकच दहाई वाटून दिली. कुणी गिरणीत काम करणारी, कुणी घरकाम करणारी, पण गटाची पूर्ण रोझरी रोज व्हायची. 2022 मध्ये चर्चनं त्यांना धन्य घोषित केलं. आपल्या कुटुंबातली माणसं मडगाव, पुणे, दुबई, जांबोटी अशी पसरलेली असतील तर हीच वाटणी करता येईल. कुणाची कुठली दहाई ते ठरवा आणि ज्याची त्यानं म्हणा.

आणि जे एका छताखाली आहेत त्यांना माझी विनंती आहे. या ऑक्टोबरात अल्तारासमोरचा मोबाइल उचलून ठेवा. पहिली दहाई घरातल्या सर्वांत लहान माणसाला द्या, नऊ म्हणो की अकरा. आणि सुरू करण्याआधी ती कुणासाठी आहे त्याचं नाव सगळ्यांना ऐकू जाईल असं घ्या.